मठारलेली भांडी आणि पडद्यावरचा मास्क: एका कॅटलॉगच्या प्रकल्प नोंदी

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

तांबट आळीत, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, कारखान्याच्या ओट्यावरच बोलणं झालं. मागे हातोड्यांची ठोकाठोक चालू, त्यामुळे निम्मं बोलणं ओरडून. काम असं: तांब्या-पितळेच्या भांड्यांचा छापील कॅटलॉग, ए-४ उभा. तेच फोटो वेबसाइटला, व्हॉट्सॲपला आणि ॲमेझॉनला. धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला आहे, पण कारखान्याच्या काकांच्या मते गिऱ्हाइकाच्या डोक्यात भांडं घटस्थापनेपासूनच घोळायला लागतं. म्हणजे ३ ऑक्टोबरला कॅटलॉग दुकानात हवा.

त्यांच्या पुतण्याने आत्तापर्यंत मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. एकेकटे बघितले तर वाईट नाहीत. सगळे शेजारी मांडले की पंचाईत. पंचपात्र फ्रेम भरून, हंडाही फ्रेम भरून. कळशीचा तळ एका फोटोत मध्यावर, दुसऱ्यात कडेला टेकलेला. लोक फोन करून विचारतात, "हे केवढं आहे हो?" आणि पुतण्या हाताने माप दाखवल्यासारखं फोनवर सांगत बसतो.

मला यात उजेडाच्या आधी चौकटीचं काम दिसलं. प्रत्येक भांड्याला नव्याने फ्रेम लावायची नाही. फ्रेम आधी ठरवायची, ती पडद्यावर मास्क म्हणून ठेवायची आणि भांडं त्यात आणून बसवायचं. काकांना एवढंच सांगितलं की आधी थोडे दिवस फक्त मोजमाप होईल. ते म्हणाले, "आमच्यात पण पत्रा कापायच्या आधी मोजतातच की."

२२ ऑगस्ट, गुरुवार

मास्क करायला बसलो. पुतण्या स्टुडिओत आला होता, त्याला आधी दाखवून दिलं. कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला असतो, टिपलेला फोटो मोठ्या पडद्यावर येतो आणि त्या फोटोवर एक पारदर्शक पीएनजी फाइल पसरून ठेवता येते, तोच मास्क. फाइलमध्ये मधली खिडकी मोकळी, बाहेरचा भाग करडा, आणि हव्या तिथे रेघा. फोटोच्या कच्च्या फाइलला ती शिवत नाही, फक्त बघताना मधे असते. आमच्याकडे कॅप्चर वन आहे. त्यात ओव्हरले टूलमध्ये फाइल टाकली की ती लाइव्ह व्ह्यूवरही, म्हणजे फोटो टिपण्याआधीच्या थेट चित्रावरही, दिसते. लाइटरूम क्लासिकमध्ये लूप ओव्हरलेखाली लेआउट इमेज म्हणून हीच सोय आहे.

आधी मापं. आमचा कॅमेरा ६००० गुणिले ४००० पिक्सेलचा. वेबसाइटला चौरस फोटो हवेत, म्हणून मधली खिडकी ४००० गुणिले ४०००. मोबाइलवरच्या पोस्टसाठी ४:५ हवं, ते त्याच खिडकीत ३२०० गुणिले ४००० असं बसतं, तुटक रेघेने दाखवलं. खालून ४०० पिक्सेलवर तळरेघ, वरून ४०० वर माथारेघ. म्हणजे मापाच्या त्या-त्या टप्प्यातल्या सर्वांत उंच भांड्याला ३२०० पिक्सेल, खिडकीचे ८० टक्के. मधोमध एक उभी रेघ.

टप्पे तीन केले. १५ सेंटिमीटरपर्यंत लहान, १५ ते ३० मध्यम, ३० ते ६० मोठा. उंची आणि रुंदी यांत जे जास्त त्यावर टप्पा ठरेल. नाहीतर परात उंचीने आठ सेंटिमीटरची म्हणून लहानात जाईल आणि दोन्ही बाजूंनी फ्रेमबाहेर डोकावेल. १०० मिमीच्या लेन्सने हिशोब केला तर लहान टप्प्याला कॅमेरा सुमारे ८९ सेंटिमीटरवर, मध्यमला १ मीटर ६६ वर, मोठ्याला ३ मीटर २० वर येतो. वस्तू दुप्पट झाली की अंतरही जवळजवळ दुप्पट, त्यामुळे तिन्ही टप्प्यांत भांड्याचा पर्स्पेक्टिव्ह सारखाच दिसणार. लेन्स बदलायची नाही, हे इथेच ठरलं.

रेघांचा रंग हिरवट निळा. स्टुडिओत आधीच्या कामाचे लाल रेघांचे मास्क पडले होते, पण तांब्यावर लाल रेघ विरघळून जाते. जाडी ६ पिक्सेल. ६००० पिक्सेलचा फोटो १९२० च्या पडद्यावर मावतो तेव्हा एक-दोन पिक्सेलची रेघ कधी दिसते, कधी गायब होते.

खिडकीबाहेरचा भाग ठार काळा केला नाही, ६० टक्के करडा, आरपार दिसेल असा ठेवला. काळं केलं की फ्रेम नेटकी दिसते खरी, पण कटर (भांड्याशेजारी उभा करायचा काळा फलक) खाली सरकलाय किंवा बॅकड्रॉपचा चिमटा आत यायला लागलाय हे कळतच नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

दहीहंडी काल आटोपली, आज पहिली चाचणी. मध्यम टप्पा घेतला. कळशी, मोठा तांब्या, लोटा, दोन डबे.

पहिला वाद तळरेघेवरच. गोल भांड्याचा तळ वरून थोडं वाकून बघितलं की सरळ नसतो, वाटोळा दिसतो. रेघेला नेमकं काय टेकवायचं? असिस्टंट पोरगा तळाचा मध्य टेकवत होता, मी पुढची कड. पुढचीच कड ठेवली. छापील पानावर डोळा भांडं जिथे जमिनीला टेकलेलं बघतो तो बिंदू तोच. त्यामुळे रुंद तळाचं भांडं टेबलावर किंचित मागे जातं, अरुंद तळाचं पुढे येतं. सेंटिमीटरभराचा फरक, मापात तो धरायची गरज नाही.

हंड्या-घागरींचा तळ गोलसर, त्या सपाट टेबलावर डुगडुगतात. पीव्हीसी पाइपच्या अर्ध्या इंचाच्या चकत्या कापून घेतल्या. चकती पुढून दिसत नाही, भांडं हलत नाही.

दुसरा प्रश्न जास्त वेळखाऊ निघाला. मध्यम टप्प्यात कॅमेरा ३० सेंटिमीटरच्या काठाहून सुमारे ३५ सेंटिमीटर वर आहे, म्हणजे तो काठ १२ अंशांवरून दिसतो आणि तोंडाचा गोल चपटा होऊन उंची-रुंदीचं प्रमाण साधारण ०.२१ येतं. त्याच जागेवरून १५ सेंटिमीटरच्या लोट्याचा काठ बघितला तर कोन १७ अंशांच्या आसपास जातो आणि तोंड ०.२९ इतकं उघडं दिसतं. डिझायनर ताईंचं म्हणणं, सगळ्यांची तोंडं सारखी दिसली पाहिजेत. तसं करायचं तर प्रत्येक भांड्याला कॅमेरा खालीवर करायचा, पुन्हा वाकवायचा, पुन्हा तळरेघ जुळवायची. करता येतं. पण करावं का?

प्रिंट काढून टेबलावर ओळीने लावून बघितलं. तोंडं सारखी केलेली ओळ विचित्र दिसते. प्रत्येक भांडं वेगळ्या उंचीवर डोळे नेऊन बघितल्यासारखं. कॅमेरा न हलवता काढलेली ओळ स्वयंपाकघरातल्या फळीसारखी दिसते. फळीवर बुटकं भांडं जास्त उघडं दिसतंच, डोळ्याला त्याची सवय आहे. ताईंनाही पटलं. टप्प्यात कॅमेरा हलणार नाही. मास्कवर माथारेघेशी एक चपटा लंबगोल आणि टप्प्याच्या खालच्या मर्यादेशी दुसरा, जरा उघडा. काठ या दोघांच्या मधे कुठेतरी बसला की झालं.

ताम्हण, परात, ताट यांना हे लागू नाही. १२ अंशांवरून ताम्हण म्हणजे नुसती आडवी रेघ. त्यांच्यासाठी ३५ अंशांचा वेगळा मास्क.

३० ऑगस्ट, शुक्रवार

स्टुडिओ जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी. खाली चौकाच्या पलीकडे संध्याकाळी ढोलपथकाचा सराव. फ्लॅशवर काम असल्याने फोटो हलत नाहीत, ती भीती नव्हती. मास्कने वेगळंच दाखवलं. दुपारी तळरेघेवर टेकलेली कळशी संध्याकाळी रेघेच्या बारा-पंधरा पिक्सेल खाली. कळशी जागची हललेली नव्हती, तिच्या खुणा टेबलावर तशाच. कलला होता ट्रायपॉड.

उपाय साधा. टेबलाच्या पुढच्या कडेवर, चौरस खिडकीच्या बाहेर, दोन छोटे काळे ठिपके चिकटवले. मास्कवर त्याच जागी दोन फुल्या. लाइव्ह व्ह्यूमध्ये ठिपका फुलीत नसेल तर ट्रिगर दाबायचा नाही. ट्रायपॉडच्या पायाखाली प्लायवूडचा जाड तुकडा एका वाशावरून दुसऱ्यावर जाईल असा टाकला. त्यानंतर सरकणं जवळजवळ थांबलं, पण फुल्या ठेवल्या. माणूस चालला की लाकडी जमीन काही ना काही करतेच.

आमचे सर हे बघून हसले. ते मुंबईच्या जाहिरातीच्या स्टुडिओंमध्ये ४ बाय ५ इंचाच्या फिल्मवर काम केलेले. तेव्हा मास्क म्हणजे ॲसिटेटचा तुकडा. आर्ट डायरेक्टरचा लेआउट फिल्मच्या मापाला लहान करून त्यावर शाईने उतरवायचा आणि कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर चिकटवायचा. काचेवर चित्र खालचं वर आणि डावीकडचं उजवीकडे दिसतं, म्हणून ट्रेसिंगही उलटं लावायचं. काळा कपडा डोक्यावर घेऊन बाटलीचं झाकण मथळ्याच्या खाली येतंय का ते बघायचं, तेही उलट्या चित्रात. "तुम्हाला आता चित्र सुलटं मिळतं म्हणून तुम्ही मास्कवर इतक्या रेघा मारता," असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य आहे. मास्कवरच्या दोन रेघा आजच काढून टाकल्या, तिसऱ्या भागाच्या नियमाच्या, म्हणजे चौकटीचे तीन समान भाग पाडणाऱ्या. या कामात त्यांचा उपयोग शून्य.

३ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस लाइटिंगचा.

मठारलेलं तांबं म्हणजे शेकडो लहान आरसे. चकचकीत तोंडाच्या हातोड्याने पत्र्यावर एकाला लागून एक ठोके पडतात, धातू कठीण होतो आणि प्रत्येक ठोक्याची एक गोल खळी उमटते. गुळगुळीत भांड्यावर सॉफ्टबॉक्सचा (पांढऱ्या कापडाच्या पेटीतल्या दिव्याचा) एक लांब उजळ पट्टा दिसतो. मठारलेल्यावर तोच पट्टा फुटून प्रत्येक खळीत एक एक ठिणगी होतो. तीच या मालाची ओळख, म्हणून ती मारायची नाही, आवरायची.

पोलरायझर लावून बघू म्हणून पोरग्याने आणला. परत ठेवायला लावला. काचेची, पाण्याची, वार्निशची चमक त्याने कापता येते. धातूवरून परत येणारा साधा उजेड त्याने कापला जात नाही, त्यासाठी आधी दिव्यावरच पोलरायझर शीट लावावी लागते आणि मग तांबं मातीसारखं निर्जीव दिसायला लागतं.

डावीकडे मोठा सॉफ्टबॉक्स, त्याच्यापुढे हातभर अंतरावर गेटवे (उजेड पसरवणारा अर्धपारदर्शक ट्रेसिंग कागद) ताणलेला. उजवीकडे थर्माकोल. पांढऱ्या बॅकड्रॉपवर भांड्याची कड हरवते, म्हणून दोन्ही बाजूंना खिडकीच्या अगदी बाहेर काळे कटर उभे केले. त्यांचं प्रतिबिंब कडेला बारीक गडद रेघ होऊन येतं आणि भांडं पार्श्वभूमीतून सुटून दिसतं. इथे मास्क खरा कामाला आला. कटर जितका जवळ तितकी ही कड जाड. करड्या भागात कटर दिसतो आहे, खिडकीच्या रेघेपासून त्याचं अंतर पडद्यावरच मोजता येतं. प्रत्येक भांड्याला ते तेवढंच ठेवलं, कडा सारख्या जाड आल्या.

मास्कवर आणखी एक गोष्ट वाढवली. मध्यरेघेच्या डावीकडे एक फिकट उभा पट्टा. ठिणग्यांचा मुख्य झोत तिथे पडला पाहिजे. पोट फुगीर असलेल्या भांड्यात तो वर जातो, सरळ डब्यात उभा उतरतो, ते चालेल. उजवीकडे मात्र जाऊ द्यायचा नाही. ओळीत एका भांड्याचा उजेड डावीकडून आणि शेजारच्याचा उजवीकडून आला की पान कापून-चिकटवून केल्यासारखं दिसतं.

एक मर्यादाही लिहून ठेवतो. रंग जुळवायला ओव्हरले वापरू नये. पोरगा आधीच्या कळशीचा फोटो अर्धपारदर्शक करून नव्या कळशीवर ठेवत होता, तांब्याची छटा जुळते का बघायला. दोन रंग एकमेकांत मिसळले की जे दिसतं ते दोघांपैकी कोणाचंच नसतं. रंगासाठी फोटो शेजारी शेजारी ठेवायचे. तांब्याला तशी गरजही आहे, कारण चिंच-मिठाने नुकतंच घासलेलं भांडं गुलाबी दिसतं आणि नंतर हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातं. म्हणून एका पानावर येणारी भांडी एकदम घासायची आणि एकाच बैठकीत टिपायची. सुती हातमोजे सक्तीचे. बोटाचा ठसा लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी काळपट होऊन वर येतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज काका स्वतः आले आणि या प्रकल्पातली महत्त्वाची गोष्ट ठरली.

हंड्यांची जोडी होती. कॅटलॉगमध्ये एकच हंडा दोन आकारांत दाखवतात तशी नव्हे, एकाच मापाचे दोन वेगळे हंडे, एक साधा, एक मठारलेला. डिझायनर ताईंची सूचना अशी की पहिल्या हंड्याची बाह्यरेषा काढून मास्कवर टाकावी आणि दुसरा त्यात चपखल बसवावा, म्हणजे पानावर जोडी आरशातल्यासारखी दिसेल. कारखान्यात बनणाऱ्या बाटल्यांना, डब्यांना ही पद्धत उत्तम. माल बदलला तरी बाह्यरेषा तीच, सेकंदात जुळते.

पोरग्याने दुसरा हंडा ठेवला. डावा खांदा रेषेत आला, उजवा बाहेर. थोडा फिरवला, उजवा आत आला, तोंड कलंडलं. परत फिरवला. असं करत करत त्याला एक बाजू सापडली जिथे हंडा बाह्यरेषेत जवळजवळ अचूक बसला. तो खूश.

काका मागे खुर्चीवर होते. म्हणाले, "ही पाठ झाली."

"म्हणजे?"

"हंड्याची पाठ समोर ठेवलीय तुम्ही. इथे डाक आहे बघा." उठून हंड्याच्या पोटाजवळून बोट फिरवलं. सांधा आम्हाला शोधूनही धड दिसला नव्हता, त्यांच्या बोटाला लगेच लागला. मग त्यांनी हंडा पाऊण फेरा फिरवून ठेवला. खांदा परत रेषेबाहेर गेला, पण ठिणग्या खांद्यावरून एका सलग वळणाने खाली उतरल्या. त्यांच्या मते भांडं घडवणारा हातोडा जिथून सुरू करतो आणि जिथे शेवट करतो त्यावरून भांड्याला पुढची बाजू असते. "आणि दोन्ही हंडे इतके एकसारखे दिसले तर लोक म्हणणार मशीनचे आहेत. मग आम्ही कशाला ठोकत बसलोय?"

बाह्यरेषेचा मास्क तिथेच पुसला. हाताने घडवलेल्या वस्तूला मास्कने कुठे उभं राहायचं एवढं सांगावं, तळ, मध्य, उंचीची मर्यादा, उजेडाची बाजू. पोट कुठे फुगायचं ते भांड्याचं भांडं बघेल. ताईंनी थोडी कुरकुर केली, पण जोडीचा फोटो बघून मग त्यांनीच पानाचं शीर्षक बदललं.

बाह्यरेषा किंवा आधीच्या फोटोची पुसट प्रत एका ठिकाणी मात्र ठेवणार आहे. तेच भांडं झाकणासह आणि झाकणाशिवाय, किंवा कल्हईचा आतला भाग दाखवायला थोडं कलतं केल्यावर परत जागेवर. तिथे वस्तू तीच असते, त्यामुळे ४० टक्के अपारदर्शकतेवर आधीचा फोटो ठेवला की परत बसवायला क्षणही लागत नाही.

आता गणपती. परवा, ७ तारखेला, बसतायत. या भागातले रस्ते बंद होतील, टेम्पोतून भांडी आणणं शक्य नाही. काम विसर्जनानंतर.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मोठा टप्पा सुरू. घंगाळं, मोठे हंडे, बंब.

पितृपक्ष कालपासून लागलाय. काकांना भीत भीत विचारलं तर म्हणाले, नवीन काम सुरू करत नाही, चालू काम थांबवतही नाही. सुटलो.

बंबाने त्रास दिला. हंडा फुगीर, त्यामुळे कॅमेरा वरून खाली वाकलाय हे त्यात कळत नाही. बंब म्हणजे सरळ उभं नळकांडं. ६० सेंटिमीटर उंच, त्याचा पाया माथ्यापेक्षा चार-पाच टक्के अरुंद दिसतो आणि मध्यरेघेच्या शेजारी ते लगेच डोळ्यात भरतं. सॉफ्टवेअरमध्ये कीस्टोन सुधारून बाजू उभ्या केल्या, आणि ती सुधारणा पुढच्या प्रत्येक फोटोला आपोआप लागेल असं ठेवलं, म्हणजे मास्क सुधारलेल्या फोटोवर पडतो. सुधारणेत प्रतिमा ताणली जाते, भांडं थोडं सरकतं, कडेचा भाग कापला जातो. म्हणून बंबासाठी माथारेघ आणखी १०० पिक्सेल खाली घेतली.

बाकी घंगाळं एका दुपारीत उरकली. फुल्या, तळरेघ, ट्रिगर. काही लिहिण्यासारखं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मुखपृष्ठ. याचा मास्क ताईंनी केला, तोच बरोबर. मुखपृष्ठ चौकोनात बसणारं चित्र नसतं, ते अक्षरांबरोबर वाटून घेतलेली जागा असते.

ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिमी. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड) धरून २१६ गुणिले ३०३. कॅमेरा उभा धरला तर ४००० पिक्सेल रुंदीला सुमारे ५६१० उंची लागते, म्हणजे ६००० मधून वरखाली मिळून चारशेच्या आत कापले जाणार. रेझोल्यूशन इंचाला ४७० पिक्सेलच्या आसपास पडतं, छपाईला ३०० पुरे, चिंता नाही. कापणीची रेघ एका रंगात, तिच्या आत १० मिमीवर सुरक्षित रेघ दुसऱ्या रंगात. वर नावाचा पट्टा, खाली उजवीकडे हंडा-कळशी, डावीकडे मोकळी जागा आणि त्यात एक ओळ.

ताईंनी आधी मास्कवर नेहमीचा नमुन्याचा इंग्रजी मजकूर टाकला होता. त्याप्रमाणे कळशीचा काठ शीर्षकाच्या बरोबर खाली छान बसला. मग मी खरा मराठी मजकूर टाकायला सांगितला, त्याच आकारात. शिरोरेघेच्या वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटं. ओळ वर नावाच्या पट्ट्याला भिडली आणि खाली एक उकार थेट कळशीच्या काठात जाऊन बसला. कळशी तेवढी खाली घ्यावी लागली, हंडा थोडा मागे. मजकूर अजून ठरला नसेल तरी मास्कवर त्याच लिपीतली, रफार-उकार असलेली एखादी ओळ हवी, हे आमच्याकडच्या मास्कच्या टेम्प्लेटमध्ये आता पक्कं टाकून ठेवलंय.

मुखपृष्ठासाठी मास्क अधूनमधून बंद करून बघावा लागतो. रेघा समोर असल्या की सगळे जण रेघांशी खेळत बसतात. बंद केल्यावर दिसलं की कळशीच्या पोटात सॉफ्टबॉक्सशेजारी माझा निळा शर्ट चमकतोय. काळा शर्ट घालून आलो.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ॲमेझॉनचा हिशोब. मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी, आरजीबी २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. आमच्या मास्कमध्ये लहान भांडी मुद्दाम लहान दिसतात, तेव्हा ही अट आमच्या मास्कच्या नेमकी उलटी. वेगळं शूट करायचं का, असा पुतण्याचा प्रश्न.

गरज नाही. सर्वांत वाईट उदाहरण घेतलं, सात सेंटिमीटरचं पंचपात्र. लहान टप्प्यात खिडकी सुमारे १९ सेंटिमीटरची, म्हणजे पंचपात्राला १४७० च्या आसपास पिक्सेल. ८५ टक्क्यांच्या चौकटीत कापलं तर १७०० हून मोठा चौरस मिळतो. झूम चालायला हजार पिक्सेल लागतात, ते सहज मिळाले. त्याच फाइलमधून दोन क्रॉप. वेबसाइटला ओळीतला, ॲमेझॉनला जवळचा. कच्ची फाइल पूर्ण असल्याचा हा फायदा, मास्कमुळे एकही पिक्सेल वाया गेलेला नाही.

लहान टप्प्यात लेन्सचं छिद्र एफ ११ ठेवलं तर पंचपात्राची पुढची आणि मागची कड दोन्ही धारदार येत नव्हत्या, म्हणून आणखी लहान, एफ १६ केलं. मध्यम-मोठ्यात एफ ११ पुरतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

छपाईआधीचं प्रूफ आलं. मधल्या पानांवर घंगाळ दोन पानांत पसरलंय. सेंटर पिनची घडी मध्यरेघेपासून डावीकडे सरकवून ठेवली होती, त्यामुळे घंगाळाची कडी घडीत गेली नाही. बाकी ओळी बघितल्या. पान उलटलं तरी तळ त्याच उंचीवर.

टप्प्यांची खूण छोट्या आकृतीने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात द्यायची, हे ताईंनी सुचवलं. एक पेला, एक तांब्या, एक हंडा, आणि त्या पानाचा जो टप्पा तो ठळक. म्हणजे "केवढं आहे हो" याला उत्तर पानावरच. शिवाय उंची आणि वजन आकड्यांत.

काकांनी पानं उलटून बघितली. हंड्यांच्या जोडीवर थांबले, काही बोलले नाहीत, मग विचारलं, "समया कधी?"

१ ऑक्टोबर, मंगळवार

कॅटलॉग छापून आला, गठ्ठे दुकानात पोचले. मास्कच्या चारही फाइली पुतण्याला दिल्या, त्याने पुढे नवीन भांडं काढलं की तीच मापं वापरावीत म्हणून. सोबत अंतराचा कागद: ८९, १६६, ३२० आणि कॅमेरा काठाच्या किती वर, १९, ३५, ६८. त्याच्याकडे तोच सेन्सर आणि १०० ची लेन्स नाही. लेन्स बदलली तरी अंतर हेच ठेवायचं आणि कमी-जास्त दिसलं तर क्रॉपमध्ये जुळवायचं, असं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

समयांचं राहिलंय. मोठी समई तीन फूट, म्हणजे ९० सेंटिमीटर, आपल्या कुठल्याच टप्प्यात बसत नाही. त्याच प्रमाणात गेलं तर कॅमेरा ४ मीटर ८० वर न्यावा लागेल आणि समईमागे बॅकड्रॉपला जागा हवी. स्टुडिओची भिंत आडवी येते. ७० मिमीची लेन्स लावून ३ मीटर ३५ वरून फ्रेम भरते, करून बघितलं. पण समईला तोंड एक नाही, खाली ताटली, वर दिवा. इतक्या जवळून खालची ताटली १९ अंशांवरून उघडी पडते आणि वरचा दिवा चार-पाच अंशांवर जवळजवळ बंद दिसतो. लांबून हा फरक १७ आणि ७ वर येतो, ते डोळ्याला बरं. मास्कवर त्यासाठी दोन लंबगोल लागतील, वरचा आणि खालचा, आणि मध्यरेघ अगदी कडक, कारण समईचा दांडा जराही कलला तर लपत नाही.

कारखान्यामागचा चौक लांबीला पुरेल असं पुतण्या म्हणतो. शनिवारी मोजपट्टी आणि मोठा काळा कपडा घेऊन जायचं. वरून उघडा आहे, त्यामुळे सूर्यास्तानंतरच.